मालवणची डोल

१

गुरुवारी सकाळी राहीबाई भोईण भांडी घासायला पाण्यावर गेली, तेव्हा मळेवाडीच्या काठाला गुडघाभर पाण्यात तिला मत्स्य निरीक्षक आकाराम शिंगटे पालथे पडलेले दिसले. कोयनेच्या जलाशयावर पाऊस लागून राहिला होता. त्यांची होडी पलीकडच्या काठाला, ओढ्याच्या तोंडाशी उपडी सापडली.

फौजदारांनी पंचनामा केला. निरीक्षक बुधवारी दुपारी एकटेच होडीतून गेले होते. त्यांना पोहता येत नव्हतं, असं मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी नाथाजी यांनी सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. होडी कलंडली, माणूस बुडाला, असं लिहून झालं. तरी वाडीत कुजबुज राहिली. उरणकडून जाळ्याचं काम शिकवायला आलेला हिरू नाखवा आदल्याच दिवशी साहेबांशी सगळ्यांसमोर भांडला होता. फौजदारांनी त्याला रोज सकाळी ठाण्यात येऊन संध्याकाळपर्यंत बसायला लावलं.

प्रेत रहिमतपूरला घरी आणलं. आकारामची बायको विजयमाला तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग हात पाहिले. उजव्या हाताच्या बोटांवर आणि मनगटावर बारीक काचलेल्या रेषा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, बोटभर अंतरावर. कुणीतरी म्हणालं, दोरी असेल. तिनं काही विचारलं नाही. ती रडली नाही. बायका तिला रडवायचा प्रयत्न करून थकल्या.

तेराव्यानंतर एस.टी.नं त्याची ट्रंक आली. कपडे, चष्म्याचं घर, सात वह्या आणि टाईप केलेला अहवाल. सोबत ऑफिसची चिठ्ठी होती: ही प्रत घरच्यांसाठी, मूळ अहवाल साताऱ्याला पोचला असून येत्या सोमवारच्या बैठकीत तो मंजुरीला येईल.

विजयमालानं अहवाल वाचायला घेतला, कारण तिच्या हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. तिसऱ्या पानावर ती थांबली. तेच वाक्य तिनं पुन्हा वाचलं. मग अहवाल मिटून ती सासूला म्हणाली, "हे त्यांनी लिहिलेलं नाही."

२

कोयनेवर बदली होण्याआधी आकारामला खात्यानं दोन वर्षं किनाऱ्यावर फिरायला पाठवलं होतं. डहाणूपासून रेडीपर्यंत कोणत्या गावात मासेमारी कशी चालते, आणि गावच्या गावानं तिला काय बंधनं घालून घेतली आहेत, हे लिहून काढायचं काम. दर आठवड्याला तो पोस्टानं कच्चे कागद पाठवायचा, आणि विजयमाला शाळेतून आल्यावर चुलीवर चहा चढवून ते वहीत स्वच्छ अक्षरात उतरवायची. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. पण उत्तरेला उरण-वसईकडे खांबांना बांधलेली पिशवीसारखी डोल भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते, हे तिला ठाऊक होतं. उधाणाला ओढ जोराची, तेव्हा डोल लावायची. भांगाला पाणी मंद, तेव्हा घरी बसायचं. खाली मालवणच्या अंगाला डोल नाही. तिथं रापण. होडीनं जाळं अर्धगोल टाकून यायचं आणि साऱ्या वाडीनं दोन्ही दोरांना धरून ते वाळूवर ओढायचं. दोराला हात लावला त्याला वाटा, मग ती म्हातारी विधवा का असेना.

पावसाळा बंद ठेवायची रीतही गावोगाव वेगळी. एका गावात नारळ सोडला की होड्या लोटायच्या. दुसऱ्या गावात नारळी पौर्णिमा झाली तरी म्हातारा तांडेल पाण्याचा रंग बघून सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही. तिसऱ्या ठिकाणी देवाचा कौल. आकाराम सुट्टीवर आला की म्हणायचा, मुंबईला बसून सगळ्या किनाऱ्याला एक कायदा लावतात, तो कुठंच लागत नाही. अशा सहा वह्या भरल्या; कोयनेवर जाताना त्या आणि एक कोरी सातवी त्यानं बरोबर नेली होती.

आणि या अहवालात लिहिलं होतं: "उरणपासून मालवणपर्यंत सर्वत्र मच्छीमार उधाणाच्या वेळी डोल लावतात व पावसाळ्यात खाड्यांची तोंडे कोठेही बंद ठेवत नाहीत. सबब कोयना जलाशयास मिळणाऱ्या ओढ्यांची तोंडेही जाळ्यांसाठी खुली ठेवावीत."

खाली सही मात्र आकारामचीच होती. ती बनावट नाही हे विजयमालाला बघताक्षणी कळलं. पण शेवटच्या पानावरच्या ओळी वरून ऐसपैस सुरू होऊन खाली सहीजवळ दाटीवाटीनं कोंबल्या होत्या. मजकुराखाली सही केली तर असं होत नाही. सहीच्या वर मजकूर बसवायचा असेल तरच असं होतं.

आणखी एक गोष्ट ती आतापर्यंत कुणाला बोलली नव्हती. आकारामला पोहता येत होतं. चाळिसाव्या वर्षी किनाऱ्यावर कोळ्यांच्या पोरांबरोबर तो शिकला होता, आणि लाजून फक्त तिला सांगितलं होतं.

शुक्रवारी ती कऱ्हाड-पाटणमार्गे कोयनानगरच्या गाडीत बसली. सुतक फिटून चार दिवस झाले नाहीत आणि निघाली, असं दीर म्हणाला. सासूनं तिच्या पिशवीत भाकरी घातली.

३

ठाण्याच्या व्हरांड्यात हिरू नाखवा बाकावर बसला होता. काळा, रुंद हाडाचा माणूस. तिनं नाव सांगताच तो उठून उभा राहिला आणि उभाच राहिला. भांडण झालं होतं, ते त्यानं नाकारलं नाही. सोसायटीच्या जाळ्यांचा डोळा, म्हणजे विणीतलं भोक, चार बोटांचा असावा, असा इथला नियम. कुणीतरी त्याच्याकडची बारीक डोळ्याची नायलॉनची जाळी नेली होती, आणि साहेबांना वाटलं की त्यानंच दिली. म्हणून शब्दाला शब्द लागला. बुधवारी दिवसभर आपण कोयनानगरात होतो, असं तो फौजदारांना सांगत होता, पण कुणाबरोबर ते सांगत नव्हता.

विजयमालानं अहवालातलं वाक्य त्याला वाचून दाखवलं. हिरूला वाचता येत नव्हतं. ऐकून तो म्हणाला, "मालवनला डोल? बाई, ह्यो कुनी समुद्रावरच्या मानसानं नाय लिवला."

तिलाही तेच वाटत होतं. हे हिरूनं सांगून लिहवलेलं नव्हतं. पण लिहिणाऱ्याला डोल आणि उधाण हे शब्द माहीत होते. साताऱ्याच्या बाजूला ते कुणी बोलत नाही. म्हणजे ज्यानं हिरूच्या तोंडून उरणच्या गोष्टी ऐकल्या आणि तोच सारा समुद्र समजला, असा हा माणूस होता.

"तुमच्या गावचं असं बसून कुणी ऐकायचं?" तिनं विचारलं.

हिरूनं दोन नावं घेतली. एक लालासाहेब, जो सोसायटीची मासळी बर्फात घालून ट्रकनं कऱ्हाडला न्यायचा. दुसरे सेक्रेटरी नाथाजी.

४

लालासाहेब ट्रकच्या बोनेटला टेकून उभा होता. ओढे खुले राहावेत असं त्याला वाटणं साहजिकच होतं; बंदी आली तर पावसाळाभर ट्रक उभा. त्यानं ते लपवलंही नाही. बुधवारचं विचारलं तेव्हा तो टाळाटाळ करू लागला. विजयमाला त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. तिचा चेहरा इतका कोरा होता की त्याला तो सोसेना. मग त्यानं सांगून टाकलं. बुधवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो आणि हिरू कोयनानगरात ट्रकवर होते. सोसायटीला न कळवता दोन पेट्या परस्पर विकायच्या होत्या, म्हणून दोघांनीही तोंड बंद ठेवलं होतं.

"त्या माणसाला पंधरा दिवस ठाण्यात बसवलंय," ती म्हणाली.

लालासाहेबानं मान खाली घातली. आपण फौजदारांना सांगतो म्हणाला, आणि त्याच दुपारी जाऊन सांगितलंही.

तिथून ती मळेवाडीला राहीबाईकडे गेली. राहीबाईच्या लोकांनी तीन पिढ्या या नदीवर काढल्या होत्या, धरण व्हायच्या आधीपासून. मृग लागला की मासा अंडी घालायला ओढ्यात चढतो, तेव्हा ओढ्याच्या तोंडाला जाळं लावायचं नाही, हा भोयांचा जुना नेम होता. कागदावर कुठंच नव्हता. आकाराम तिच्या अंगणात बसून तो लिहून घ्यायचा.

प्रेत कसं सापडलं ते तिनं सावकाश सांगितलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "एक गोष्ट फौजदारांनी इचारली न्हाई, म्हून मी बोलले न्हाई. बुडाल्यालं माणूस गार पाण्यात दोन-तीन दिस वर येत न्हाई. बुधवारी दुपारी गेलेला बेस्तरवारी सकाळी काठाला कसा यील?"

"आणि होडी पलीकडे होती."

"व्हय. मैलभर." राहीबाईनं तिच्याकडं पाहिलं. "त्यास्नी कुणीतरी आणून ठिवलं, बाई. पालथं झालं ते लाटंनं. पर सदऱ्याची सगळी बटणं लावल्याली व्हती. पवताना, धडपडताना अशी ऱ्हात न्हाईत."

विजयमालानं आपल्या वहीच्या कडेला आकारामच्या मनगटावरच्या रेषा काढून दाखवल्या. राहीबाईनं त्यावर बोट ठेवलं. एक बोट. बारीक डोळ्याचं जाळं.

म्हणजे आकाराम जाळ्यात अडकून मेला होता, आणि ज्यानं ते जाळं लावलं होतं त्यानं त्याला सोडवून, सदऱ्याची बटणं लावून, घरच्यांना सापडावा म्हणून अलीकडच्या काठाला आणून ठेवलं होतं.

५

सोसायटीचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. टेबलावर मळेवाडीतला एकुलता एक टाईपरायटर होता. नाथाजी फौजेत क्लार्क होते. निवृत्त होऊन आले तेव्हा गाव पाण्याखाली गेलेलं. त्यांच्या चाळीस घरांना तासगावच्या पलीकडं माळावर जमिनी मिळाल्या होत्या. विहिरींना पाणी लागलं नाही. घरं परत फिरली आणि धरणाच्या काठाला बसली. शेतकऱ्यांनी पन्नाशीत मासे धरायला शिकून घेतलं. सोसायटी नाथाजींनीच उभी केली होती.

त्यांची बायको साळूबाई चहा घेऊन आली. आकारामबद्दल दोन शब्द बोलली आणि खोपटाकडे गेली.

अहवाल साहेबांनी सांगितला तसा मी टाईप केला, असं नाथाजी म्हणाले. सोमवारी सुरू केला, मंगळवारी संपला. ते सरळ बसून बोलत होते, जबानी दिल्यासारखे.

विजयमालानं विचारलं, मालवणला डोल कशी लावतात? त्यांनी सांगितलं. दोन खांब रोवायचे, पिशवीचं तोंड ओढीकडं करायचं, उधाण बघायचं. हिरूनं सांगितलेलं सगळं त्यांना पाठ होतं.

"मालवणला डोल नाही," ती म्हणाली. "तिथं रापण ओढतात. माझ्या नवऱ्यानं त्याची अठरा पानं लिहिलीत आणि ती मीच चौथ्या वहीत उतरवून काढलीत. ते हे वाक्य झोपेतही सांगणार नाहीत."

तिनं शेवटचं पान पुढं सरकवलं आणि सहीवरच्या दाटलेल्या ओळींवर बोट ठेवलं. महिन्याच्या तक्त्यासाठी साहेब सही करून कोरे कागद ठेवत असत का, असं तिनं विचारलं. नाथाजींनी मान हलवली. हो.

"वह्या का पाठवल्या मग? त्या जाळायच्या होत्या."

"समुद्राच्या वह्या," नाथाजी म्हणाले. "मला वाटलं, इथं कोण वाचतंय."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. बराच वेळ ते टाईपरायटरकडं बघत राहिले. मग त्यांची फौजेतली भाषा गळून पडली.

"म्या ढकललं न्हाई त्यास्नी. जाळं माझं व्हतं. हिरूच्या खोपीतनं म्याच न्हेलं. सोमवारी अहवाल टाईप करताना पयल्याच पानावर आलं, मृगापासनं ओढ्यांची तोंडं बंद. फुडचं ल्ह्याचं हाय म्हणाले. म्या म्हटलं, फुडचं काय असनार? चाळीस घरं हायत, बाई. त्यास्नी आषाढ-श्रावणात दुसरं काय न्हाई. बुधवारी जाळं काढायला म्हून मी सोसायटीच्या होडीनं पलीकडं गेलो, काठानं चालत ओढ्यावर आलो, तर ते आधीच होडीतनं आलं व्हतं. चाकूनं जाळं तोडाय वाकले. ओढ्याला लोंढा आला आन् होडी कलंडली."

"ते पोहत होते."

"व्हय. तवा कळलं, पवता येतंय. मग उजवा हात गुतला. चाकू पाण्यात गेल्याला. मला बघितलं त्यांनी. म्हणाले, नाथाजी, चाकू टाका." ते थांबले. "माझ्या कमरंला व्हता."

"मग?"

"मी हुबा ऱ्हायलो."

"किती वेळ?"

"इडी वढून हुईल येवडा. मनात काय बी न्हवतं. राग बी न्हवता. नुसता हुबा ऱ्हायलो. मग उडी टाकली, तर संपल्यालं व्हतं. जाळं कापलं, त्यास्नी काठानं वढत, मग सोसायटीच्या होडीत घालून अंधार पडल्यावर अलीकडं आणलं. कपडे नीट केले. मग रातीला त्यांच्या सहीच्या कोऱ्या कागदांवर अहवाल टाईप केला."

आपल्याला काहीतरी वाटेल, याची विजयमाला वाट पाहत होती. काही वाटलं नाही. फक्त टेबलाची कड हाताला गार लागत होती.

तिनं पिशवीतून सातवी वही काढली, शेवटची पानं उघडली आणि त्यांच्यापुढं ठेवली. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, मंगळवारची तारीख होती.

"पुढचं हे होतं," ती म्हणाली. "वाचा."

नाथाजींनी चष्मा लावला. आकारामनं लिहिलं होतं की किनाऱ्यावरच्या काही गावांत बंदीच्या दिवसांतही बिनजमिनीच्या घरांना गळ टाकायची मोकळीक असते, कारण बंदी जाळ्यावर असते, पोटावर नव्हे. समुद्राचा नियम इथं जसाच्या तसा लावू नये, भोयांचा नेम लावावा; पण धरणानं उठवलेल्या चाळीस घरांना मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत ओढ्यांच्या तोंडावर गळानं मासे धरू द्यावेत. खाली चाळीस घरांची यादी होती. पहिलं नाव नाथाजींचं होतं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. वही मिटली आणि तिच्याकडं सरळ धरून परत दिली.

"साळूला सांगून येतो," ते म्हणाले. "मग जाऊ ठाण्यात."

ती ऑफिसात बसून राहिली. ते पळून जातील असं तिच्या मनातही आलं नाही. दहा मिनिटांत ते स्वच्छ सदरा घालून, टोपी घेऊन आले. घाटाच्या रस्त्यानं दोघं ठाण्यापर्यंत चालत गेली. वाटेत तिला चढ लागला तेव्हा ते पुढं जाऊन थांबले.

६

फौजदारांनी जबानी घेतली. हिरू नाखव्याला त्याच संध्याकाळी मोकळं केलं. तो विजयमालाच्या पाया पडायला आला, तिनं पडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो उरणला गेला, पुन्हा धरणावर आला नाही.

रविवारी रहिमतपुरात बसून तिनं सातव्या वहीवरून अहवाल उतरवून काढला, नेहमीच्या अक्षरात. सोमवारी साताऱ्याला बैठकीत नेऊन दिला. तिथले साहेब म्हणाले, यावर निरीक्षकांची सही नाही. तिनं सात वह्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, सही असलेला कागद तुमच्याकडे आहे, त्यातलं वाचा आणि यातलं वाचा, कुठला माणूस किनाऱ्यावर गेला होता ते ठरवा. त्यांना ठरवायला दोन महिने लागले. पण ठरलं ते आकारामच्या वहीप्रमाणे ठरलं.

नाथाजींना शिक्षा झाली. मारल्याबद्दल नाही, ते कोर्टात उभं राहिलं नाही. खोटा कागद केल्याबद्दल आणि पुरावा लपवल्याबद्दल. कोर्टात त्यांनी वकील घेतला नाही. विचारलं ते सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. माणूस मरत असताना नुसतं उभं राहिल्याबद्दल किती, असं त्यांनी न्यायाधीशांना विचारलं होतं म्हणतात.

पुढच्या वर्षी आषाढात शाळेला दोन दिवस सुट्टी पडली, तेव्हा विजयमाला कोयनानगरला गेली. कशाला ते तिला सांगता आलं नसतं. मळेवाडीहून राहीबाईच्या होडीतून ती पलीकडं ओढ्यावर उतरली. पाऊस भुरभुरत होता. तोंडाशी जाळं नव्हतं. दगडांवर घोंगड्याच्या खोळी घेऊन दहा-बारा माणसं गळ टाकून बसली होती, बायका जास्त. कडेच्या दगडावर साळूबाई होती.

साळूबाईनं तिला ओळखलं. दोघी काही क्षण एकमेकींकडं बघत राहिल्या. बाकीच्यांनी माना वळवल्या. मग साळूबाई जरा सरकली, दगडावर पोतं होतं त्याची अर्धी घडी उलगडली आणि म्हणाली, "बसा. हितं वलं न्हाई."

विजयमाला बसली. साळूबाईनं दोरीचं टोक बोटाला गुंडाळलेलं होतं. थोड्या वेळानं तिनं ते सोडवून विजयमालाच्या हातात दिलं आणि स्वतः खाली वाकून दुसऱ्या गळाला गांडूळ लावू लागली. दोरी सैल होती. पाणी गढूळ होतं आणि त्यात काही दिसत नव्हतं. मग खालून कुणीतरी हलकेच ओढलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा विजयमालाच्या हाताला ते जाणवलं.